कृत्रिम हिरवळ आणि पावसाचें पाणी

जून महिन्यांतील पहिला जोराचा पाऊस ओसरला कीं शहरांतील अनेक घरांत हल्लीं एक नवा प्रश्न उभा राहतो. उन्हाळ्यांत मोठ्या हौसेनें गच्चीवर किंवा अंगणांत कृत्रिम गवताची हिरवळ अंथरलेली असते. वैशाखाच्या रणरणत्या उन्हांतहि ती हिरवीगार दिसते. तिला पाणी घालावें लागत नाहीं, ती कापावी लागत नाहीं, मुलांचे कपडे तिच्यावर चिखलानें मळत नाहींत. घरांतील मंडळी संतुष्ट असतात. मग पाऊस येतो, आणि तो थांबल्यावर तीन-तीन दिवस त्या हिरवळीवर पाय ठेवला कीं पाण्याचा पचक् असा आवाज होतो. आठवड्याभरानें कुबट वास सुटतो, संध्याकाळीं डांस येतात, आणि पुढील पंधरवड्यांत खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर ओलाव्याचा पहिला डाग उमटतो. तेव्हां कोठें घरधन्याच्या ध्यानांत येतें कीं, गवत तेवढें विकत घेतलें, पाण्याच्या वाटेचा विचार करावयाचा राहूनच गेला.

ह्या गवताचा इतिहास पाहिला तर ही चूक कांहीं अंशीं समजण्यासारखी आहे. अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरीं १९६५ सालीं ॲस्ट्रोडोम नांवाचें एक प्रचंड क्रीडागृह उघडण्यांत आलें. त्याला वरून संपूर्ण छप्पर होतें. छपरांतील पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या तिरिपीमुळें खेळाडूंना चेंडू दिसेना, म्हणून तावदानांना रंग फांसण्यांत आला. ऊन बंद झालें आणि आंतील खरें गवत मरून गेलें. तेव्हां १९६६ सालीं तेथें कृत्रिम गवत अंथरलें, आणि त्या इमारतीच्या नांवावरूनच त्याला 'ॲस्ट्रोटर्फ' हें नांव मिळालें. म्हणजे ज्या मैदानानें हें गवत जगाच्या ओळखीचें केलें, त्या मैदानावर पावसाचा एक थेंबहि पडत नव्हता! पुढें १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकीचे सामने कृत्रिम मैदानांवर होऊं लागले, आणि उघड्या आकाशाखालीं असें मैदान तयार करावयाचें तर गवतापेक्षां गवताखालच्या कामालाच अधिक महत्त्व द्यावें लागतें हें स्थापत्यज्ञांनीं चांगलें ओळखलें. मैदानें बांधणाऱ्यांना जें कळलें, तें घरगुती गच्चीवर मात्र पुष्कळदां विसरलें जातें.

खऱ्या हिरवळीखालीं मुळें आणि गांडुळें रात्रंदिवस माती सच्छिद्र ठेवण्याचें काम करीत असतात. कृत्रिम हिरवळीखालीं असे फुकट राबणारे चाकर नाहींत. तिची रचना गालिच्यासारखी असते. प्लास्टिकच्या तंतूंचे झुबके एका विणलेल्या कापडांत ओंवलेले असतात, आणि ते निसटूं नयेत म्हणून त्या कापडाच्या पाठीवर रबरासारख्या द्रव्याचा जाड लेप दिलेला असतो. ह्या लेपांतून पाणी जात नाहीं. म्हणून त्यांत ठराविक अंतरावर भोंकें पाडलेलीं असतात. भोंक ५ मिलिमीटर रुंद आणि भोंकाभोंकांतील अंतर १० सेंटिमीटर असें धरलें, तर एका चौरस मीटरांत शंभर भोंकें होतात. त्या सर्वांचें क्षेत्रफळ एकत्र केलें तर तें सुमारें २० चौरस सेंटिमीटर भरतें. पोस्टाचीं चार-पांच तिकिटें शेजारीं शेजारीं ठेवलीं तर जेवढी जागा व्यापतील, तेवढीच काय ती पाण्याची वाट! ती मोकळी असेल तर पुरेशी आहे. पण तिच्यांतील निम्मी धुळीनें बुजली तर पाण्यानें जावें कोठून?

आतां पाणी किती येतें तेंहि पाहावें. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी पडतें. दहा मीटर लांब व पांच मीटर रुंद अशा गच्चीवर तासाला १०० मिलिमीटर ह्या वेगानें सर कोसळली तर तासाभरांत ५००० लिटर, म्हणजे दर मिनिटास ८३ लिटर पाणी बाहेर काढावें लागेल. मुंबईंत २००५ सालच्या जुलैच्या २६ तारखेस सांताक्रुझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या हिशेबानें एवढ्याच गच्चीवर ४७,००० लिटरांहून अधिक पाणी पडलें असतें. असा दिवस क्वचित् उगवतो हें खरें, पण मुंबईस वर्षाकाठीं २००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो हें तर नेहमींचेंच आहे. कोरड्या देशांतील चित्रें पाहून हिरवळ अंथरणाऱ्यानें हा आंकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

पाण्याला गवताच्या पात्यांपासून गटारापर्यंत पोंचण्यास तीन दारें ओलांडावीं लागतात. पहिलें दार गालिच्याच्या पाठीवरील भोंकांचें. दुसरें दार त्याच्या खालच्या थराचें, मग तो खडीचा असो, मातीचा असो वा नुसता कोबा असो. तिसरें दार म्हणजे त्या थरांतून पाणी जेथून बाहेर पडतें तें पन्हळीचें किंवा नळाचें तोंड. तिन्हींपैकीं एकहि दार बंद असलें तरी वरून दिसणारा परिणाम एकच, पाणी तुंबतें. म्हणून पाणी तुंबलेलें पाहतांच गवताला दोष देणें किंवा गवंड्याला बोलावून सिमेंट फांसणें म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला देण्यासारखें आहे. कोणतें दार बंद आहे तें आधीं शोधावें.

ही गोष्ट एका उदाहरणानें अधिक स्पष्ट होईल. उपनगरांतील एका इमारतींत वरच्या मजल्यावर एक कुटुंब राहतें असें समजावें. घराला लागून गच्ची आहे. दोन नातवंडें आहेत. त्यांना खेळावयास जागा हवी म्हणून आजोबांनीं आपल्या बचतींतून गच्चीवर हिरवळ घालून घेतली. खालच्या बिऱ्हाडांत एक वृद्ध बाई एकट्या राहतात. श्रावण लागण्यापूर्वींच त्यांच्या छतावर ओल आली. गवंडी आला, त्यानें छताला खालून लेप दिला. आठ दिवसांनीं लेपासकट रंगाचे पोपडे खालीं आले. पुन्हां तक्रार गेली, तेव्हां आजोबा थोडे चिडूनच म्हणाले, "अहो आजीबाई, आमच्या गच्चीवर पाणी दिसत सुद्धां नाहीं. गवत पाहा, कसें कोरडें आहे!" त्यावर आजीबाई शांतपणें म्हणाल्या, "नाना, तुम्हांला वरून गवत दिसतें, मला खालून पाणी दिसतें. कालपासून मीं खाट दाराशीं ओढून घेतली आहे. आतां ह्यापुढें ओढावयास जागा नाहीं."

दोघेंहि खरेंच बोलत होतीं. गवत वरून कोरडें होतें, कारण भोंकांतून पाणी सुरळीत खालीं गेलें होतें. पण खालीं काय झालें होतें? गालिचा अंथरणाऱ्या कामगारांनीं काम नीटस दिसावें म्हणून तो थेट भिंतीपर्यंत ताणून बसविला होता, आणि कोपऱ्यांतील पावसाच्या नळाच्या जाळीवरूनहि तो तसाच नेला होता. पहिलें दार उघडें होतें आणि तिसरें बंद. कोब्यावर दोन-दोन बोटें पाणी महिनाभर तसेंच उभें होतें. त्यांतच गालिच्याच्या कडा पक्क्या बसाव्यात म्हणून चार ठिकाणीं खिळे ठोकलेले. त्या खिळ्यांनीं गच्चीचा जलरोधक थर फोडला आणि पाण्याला खालच्या घराची वाट दाखविली. कोपऱ्यांतील गालिचा वीतभर कापून जाळी मोकळी करतांच नळांतून घळघळ आवाज ऐकूं आला. तो आवाज ऐकून आजोबा कांहीं बोलले नाहींत. नातवाला घेऊन खालीं गेले आणि आजीबाईंची खाट पुन्हां जागेवर सरकवून आले. खिळ्यांच्या जागा भरून घेणें, ओलें छत पुरें वाळूं देणें व मगच रंग देणें हीं कामें नंतर यथावकाश झालीं.

दोष शोधण्यास फारशीं साधनें लागत नाहींत. एक बादली, एक घड्याळ आणि गालिच्याची एक कड उचलण्याची तयारी एवढें पुरे. पाऊस नसतांना, हिरवळ कोरडी असतांना, जेथें पाणी तुंबतें तेथें एक बादली पाणी हळूंहळूं ओतावें. पाणी वरच थबकून राहिलें आणि कड उचलून पाहतां खालचा थर कोरडाच आढळला, तर दोष पहिल्या दाराचा. पाणी झटकन खालीं गेलें, पण खालचा थर घटकाभरानेंहि चिखलासारखा राहिला, तर दुसऱ्या दाराचा. आणि बादलीभर पाणी कोठेंहि न अडतां निघून गेलें, पावसांत मात्र तळें होतें, असें असेल तर दोन शक्यता उरतात. एक तर बाहेर पडण्याचें तोंड अरुंद किंवा अर्धवट बंद आहे, नाहीं तर दुसरीकडचें पाणी येथें येत आहे. शेजारच्या पत्र्याची पन्हळ, वरच्या गच्चीचा नळ, उंचावरील फरसबंदीचा उतार हे सर्व पाहुणे पावसाळ्यांतच प्रकट होतात; त्यांचा शोध छत्री घेऊन भर पावसांतच करावा लागतो.

आतां उपायांकडे वळावें. पहिलें दार बंद असण्याचीं कारणें चार. धूळ आणि कुजलेला पाला भोंकांत बसतो. तंतूंच्या मुळाशीं शेवाळ वाढतें. दोन पट्टे जोडतांना चिकटद्रव्य पसरून भोंकें बुजतात. किंवा तंतू उभे राहावेत म्हणून जी वाळू पसरतात ती फार बारीक किंवा मातकट असते. पहिल्या दोहोंवर उपाय म्हणजे ताठ केसांच्या खराट्यानें तंतूंच्या कलाच्या उलट दिशेनें झाडणें, वर आलेला कचरा उचलून टाकणें आणि मग पाण्यानें धुणें. आधीं धुवून मग झाडूं नये. ओला कचरा भोंकांत अधिकच घट्ट बसतो. धातूच्या दांतांचें दांताळें वापरूं नये, त्यानें तंतू उपटतात. वाळूच वाईट असेल तर ती शक्य तेवढी झाडून काढावी आणि धुतलेली, गोल कणांची, मातीविरहित वाळू घालावी. समुद्राची वाळू स्वस्त मिळाली तरी घेऊं नये. तिच्यांतील मीठ धातूच्या जाळ्या व खिळे गंजवितें आणि हवेंतील दमटपणा धरून ठेवतें.

चिकटद्रव्यानें भोंकें बुजलीं असतील, किंवा मुळांतच तीं थोडीं असतील, तर नवीं भोंकें पाडावीं लागतात. हें काम गालिचा उचलून, त्याखालीं लांकडी फळी ठेवूनच करावें. अंथरलेल्या गालिच्यावरून गिरमिट चालविणें अंगणांत चालेल, पण गच्चीवर तो आत्मघात होय. गालिच्याबरोबर कोब्याचाहि वेध घेतला जातो आणि मग प्रश्न गवताचा राहत नाहीं, घराचा होतो.

दुसऱ्या दाराचा दोष अंगणांत अधिक आढळतो, आणि तेथें मातीची जात समजून घेणें आवश्यक असतें. कोंकणांतील जांभ्या दगडाच्या जमिनींत पाणी बऱ्यापैकीं झिरपतें. परंतु देशावरील काळी जमीन वेगळ्या स्वभावाची आहे. उन्हाळ्यांत ती आकसून तिला भेगा पडतात आणि पहिले पाऊस झाले कीं ती फुगून त्या भेगा मिटतात. त्यानंतर तिच्यांतून पाणी जवळजवळ जात नाहीं. अशा जमिनीवर हिरवळ थेट अंथरली तर पाणी तर तुंबतेंच, पण जमीन वरखालीं होत राहिल्यानें हिरवळीला खळगे पडतात. जमीन कशी आहे तें पाहण्याची जुनी युक्ति अशी आहे. हातभर खोल खड्डा खणून तो पाण्यानें भरावा. तें पाणी जिरूं द्यावें. पुन्हां भरावा आणि ह्या दुसऱ्या खेपेस पाण्याची पातळी तासाभरांत किती उतरते तें मोजावें. इंचभर किंवा अधिक उतरली तर जमीन पाणी घेते असें समजावें. बोटाच्या पेराएवढीहि उतरली नाहीं तर जमिनीवर विसंबूं नये, पाणी नळीनें बाहेरच न्यावें.

कधीं कधीं जमीन चांगली असूनहि कामगारांच्या अति उत्साहानें दार बंद होतें. सपाट दिसावें म्हणून मातकट मुरूम किंवा खडीची भुकटी घालून त्यावर धुम्मस चालवितात. भुकटी दाबली गेली कीं तिचा जवळजवळ कोबाच होतो. अशा वेळीं वरवरचा इलाज उपयोगी नाहीं. गालिचा सांध्याशीं सोडवून गुंडाळावा, तो थर खणून काढावा आणि नव्यानें थर द्यावा. सुदैवानें चांगला गालिचा गुंडाळून पुन्हां अंथरतां येतो. तो फेंकून देण्याचें कारण नाहीं. खळगा एकाच ठिकाणीं असेल तर सगळी हिरवळ उचलण्याचीहि गरज नसते. जवळचा सांधा सोडवावा, खळग्यांत बारीक धुतलेली खडी भरावी, फळीनें सपाट करावी आणि सांधा पुन्हां पट्टीनें जोडून घ्यावा. खळग्यांत नुसती वाळू भरणें व्यर्थ होय. दुसऱ्या पावसांत ती वाहून जाते आणि गटारांत जाऊन बसते.

तिसऱ्या दाराचा उपाय सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. गच्चीवरील प्रत्येक जाळी उघडी आणि दिसती ठेवावी. तिच्याभोंवतीं वीतभर जागा गवताविना सोडली तर दिसण्यांत कांहीं बिघडत नाहीं. फार तर तेथें गवताचा एक सुटा चौकोनी तुकडा ठेवावा, म्हणजे हवा तेव्हां उचलतां येतो. अंगणांत हिरवळीच्या कडेला विटांची किंवा दगडांची जी चौकट घालतात, ती सिमेंटनें सलग बंद करूं नये. उताराच्या बाजूस तिच्यांत फटी सोडाव्यात. नाहीं तर ती चौकट हिरवळीचें रूपांतर तळ्यांत करते. पावसाचें पाणी सांडपाण्याच्या नळाला जोडण्याचा मोहहि टाळावा; जोराच्या पावसांत तो नळ उलटा भरून घाण पाणी घरांतील न्हाणीघरांत येण्याचा संभव असतो.

ज्यांनीं अजून हिरवळ घातलेली नाहीं त्यांचें भाग्य थोर म्हणावें; कारण ह्या कामांत प्रतिबंधाला लागणारा खर्च दुरुस्तीच्या मानानें फार थोडा असतो. अंगणांत काम करावयाचें तर वरची माती व मुळ्या काढून सुमारें १० सेंटिमीटर खोल खणावें. तळालाच उतार द्यावा. घरापासून दूर, गटाराच्या दिशेनें, दर मीटरास किमान एक सेंटिमीटर. उतार डोळ्यांनीं ठरवूं नये; गवंड्याकडून दोरी बांधून घ्यावी आणि पाणसळ लावून पाहावी. तळावर माती व खडी एकमेकींत मिसळूं नये म्हणून मिळतें तें न विणलेलें जाड कापड अंथरावें; त्यांतून पाणी जातें, माती वर येत नाहीं. त्यावर ५ ते ७ सेंटिमीटर स्वच्छ फोडलेली खडी, तिच्यावर दोन-अडीच सेंटिमीटर बारीक खडी, आणि मग हिरवळ. जमीन काळी असेल तर खडीच्या थराखालीं एक चर खणून त्यांत भोंकें असलेली नळी घालावी, ती खडीनें वेढावी आणि तिचें तोंड बाहेरच्या पावसाळी गटारापर्यंत न्यावें. काळ्या जमिनींत शोषखड्डा करून त्यावर भिस्त ठेवणें म्हणजे पाण्याला एका डबक्यांतून दुसऱ्या डबक्यांत नेणें होय.

गच्चीवर मात्र खडीचा थर घालूं नये. साडेसात सेंटिमीटर जाडीची खडी दर चौरस मीटरास शंभर किलोंहून अधिक भार आणते, आणि तो भार पेलण्यास छत समर्थ आहे कीं नाहीं हें स्थापत्यतज्ञावांचून कोणी सांगूं शकत नाहीं. गच्चीवर आधीं गच्चीचीच परीक्षा करावी. सर्व जाळ्या मोकळ्या करून दोन-चार बादल्या पाणी ओतावें. तें आपोआप जाळीकडे गेलें तर उतार ठीक आहे. मध्येंच डबकें राहिलें तर आधीं कोब्याचा उतार दुरुस्त करून घ्यावा, मगच गवताचा विचार करावा. जी गच्ची उघडी असतांना पाणी धरते, ती झांकल्यावर अधिकच धरणार. आधीं कळस मग पाया असा हा प्रकार होऊं देऊं नये. गवताखालीं प्लास्टिकच्या जाळीदार तबकड्या बसवितां येतात. त्यांच्यामुळें गालिचा कोब्यापासून बोटभर उंच राहतो आणि खालून पाण्याला व हवेला मोकळी वाट मिळते. खिळा एकहि ठोकूं नये. कडांना वजन ठेवावें, किंवा भिंतीलगत पट्टी बसवावी, पण तीहि जाळीच्या बाजूस सलग नको.

गवत विकत घेतांना त्याच्या रंगावर व मऊपणावर बहुतेकांचें लक्ष जातें. जाणत्या गृहिणीनें तुकडा उलटा करून पाठ पाहावी. दुकानदाराकडून वीतभर नमुना मागून घ्यावा, घरीं बादलीच्या तोंडावर धरावा आणि तांब्याभर पाणी ओतावें. पाणी भोंकांतून सरळ खालीं गेलें पाहिजे. काम करणाऱ्यालाहि प्रश्न एकच विचारावा, "पाणी कोठून जाणार?" जो उठून कोपऱ्यांतील जाळी दाखवितो आणि उताराची दिशा सांगतो त्याला काम द्यावें. जो म्हणतो, "बाईसाहेब, काळजी नको, गवत पाणी पितें," त्याला नमस्कार करून निरोप द्यावा. प्लास्टिक पाणी पीत नाहीं.

पाणी तुंबणें ही केवळ गैरसोय नव्हे, तिला आरोग्याचीहि बाजू आहे. डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डांसाची मादी स्वच्छ सांचलेल्या पाण्याशीं अंडीं घालते, आणि आपल्याकडील उष्ण हवेंत आठ-दहा दिवसांत त्यांतून पुरे वाढलेले डांस बाहेर पडतात. गवताखालचें पाणी डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणून तें कुंडीखालच्या बशींतील पाण्याहून अधिक घातक. पावसाळ्यांत आठवड्यांतून एक दिवस ठरवून हिरवळीचा एखादा कोपरा उचलून खालीं पाहण्याची संवय घरांत असावी. तबकड्यांच्या खांचांतून पाणी राहत असेल तर तें काढून टाकावें. घरांत कुत्रें असेल तर ही काळजी दुप्पट. त्याचें मूत्र खालीं वाहून गेलें नाहीं तर वाळूंत मुरतें आणि उन्हानें तापल्यावर असह्य दुर्गंधि येते. अशा घरांत हिरवळ वरचेवर भरपूर पाण्यानें धुवावी लागते, आणि तें धुण्याचें पाणीहि त्याच तीन दारांनीं बाहेर जावें लागतें हें विसरूं नये.

वर्षाचें वेळापत्रक म्हणाल तर लहानसेंच आहे. मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं, मे अखेरीस, सर्व जाळ्या व नळ साफ करावे, कड उचलून खालचा थर पाहावा आणि बादलीची परीक्षा घ्यावी. पावसाळ्यांत दर आठवड्यास पाला झाडावा. झाडाखालच्या हिरवळीवर तर रोजच. पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या साफसफाईंत, हिरवळ उलट्या दिशेनें झाडून शेवाळ काढावें आणि एखादें कडक उन्ह खालच्या थराला लागूं द्यावें. हिवाळ्यांत व उन्हाळ्यांत शहरांतील धूळ बसते. ती महिन्यांतून एकदां कोरडीच झाडून काढली तर पुढच्या जूनमध्यें भोंकें मोकळीं सांपडतात.

शेवटीं एक विचार सांगितल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. अंगणांतील उघडी माती कांहीं पाणी पोटांत घेते, आणि तें विहिरीला किंवा झाडाच्या मुळांना मिळतें. तीच जागा प्लास्टिकनें झांकली, आणि पाणी नळीनें बाहेर लोटलें, तर तें कोठें तरी जाणारच; रस्त्यावर, शेजारच्या वाड्यांत, गल्लींतील सखल घरांत. शिवाय हें गवत उन्हांत खऱ्या हिरवळीपेक्षां पुष्कळ अधिक तापतें. भर दुपारीं त्यावर मुलांनीं अनवाणी जाऊं नये. म्हणून ज्यांच्याजवळ खरी जमीन आहे आणि तिच्यावर थोडें तरी ऊन येतें, त्यांनीं आधीं खऱ्या गवताचा, दूर्वांचा किंवा नुसत्या झाडांचा विचार करावा. ज्यांच्याजवळ कोब्याची गच्चीच काय ती आहे, आणि मुलांना पडायला-धडपडायला एक मऊ कोपरा द्यावयाचा आहे, त्यांनीं कृत्रिम हिरवळ खुशाल घालावी. मात्र ती घालण्यापूर्वीं एकदां जिना उतरून खालच्या घरीं जावें, त्यांच्या छताकडे पाहावें, आणि वर काय करणार आहोंत तें त्यांना सांगावें. पहिल्या पावसानंतर पुन्हां एकदां जाऊन विचारावें. गच्चीवरचें काम बरोबर झालें कीं नाहीं ह्याचें खरें उत्तर तेथेंच मिळतें.